कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कोठे लिहायचे?

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य

विषय : दुसऱ्याची जमीन बटईने (पिकाच्या वाट्यावर), खंडाने किंवा ठोक्याने (ठरावीक रकमेवर) कसणाऱ्या शेतकऱ्यांची हंगामी नोंद घेण्याबाबत

महोदय,

मी विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचा निवृत्त गटसचिव आहे. पीककर्जाची प्रकरणे तयार करणे हे माझे काम होते, आणि सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) व फेरफार (हक्कातील बदलांची नोंद) हे माझे रोजचे कागद. जमीन कोणाची आहे हे सांगण्यात आपला अभिलेख दिवसेंदिवस नेमका होत चालला आहे. ती कोण कसतो हे सांगणे मात्र त्याने जवळजवळ सोडून दिले आहे. अतिवृष्टीची मदत, पीकविमा आणि पीककर्ज या तिन्ही गोष्टी पिकासाठी असतात, तरी त्या मिळतात मालकीच्या कागदावर. मालकीच्या हक्काला कोणताही धक्का न लावता प्रत्यक्ष कसणाऱ्याची हंगामापुरती नोंद घेता येईल असा कायदा आपण करावा, ही या पत्रातील मागणी आहे.

मागणी साधी दिसते, पण तिच्या वाटेत जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आडवा आलेला आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय केलेला कोणताही कायदा कागदावरच राहील. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी आणि प्रतबंदीचे (जमिनीची प्रत ठरवण्याचे) काम हाती घेतले आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी भागात, म्हणजे जेथे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई तेथे, पसरली. शेताला क्रमांक मिळाला, हद्द मिळाली, तीस वर्षांसाठी ठरलेला सारा मिळाला. जो सारा भरील तो खातेदार ठरला आणि त्याला जमीन विकण्याची व गहाण ठेवण्याची मोकळीक मिळाली. सारा निश्चित झाल्यामुळे जमिनीला तारण म्हणून किंमत आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सहज मिळत होते; भाव कोसळल्यावर तेच कर्ज जमिनीवर उलटले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सर्वाधिक होता तो सावकारांकडील दस्तऐवजांवर. ज्या कागदाने आपल्याला खातेदार केले त्याच्याच आधाराने आपण आपल्याच शेतात दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ होत आहोत, हे त्यांना पुरते समजले होते.

सरकारचे उत्तर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने आले. त्यानंतर १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून हस्तांतरणास मनाई असलेल्या अटीवर जमिनी देण्याचा मार्ग काढण्यात आला. त्या दुरुस्तीच्या विरोधात फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी मुंबई कायदेमंडळातून सभात्याग केला होता. शेतकऱ्याला जमीन विकू न देणे म्हणजे त्याचे संरक्षण करणे की त्याला अजाण समजणे, हा तेव्हाचा वाद आजही नवीन शर्तीच्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनींच्या प्रत्येक प्रकरणात जिवंत आहे.

कोकणात प्रश्न वेगळा होता. तेथे सरकारसाठी सारा वसूल करणारे खोत आणि त्यांची कुळे समोरासमोर होती. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी येथून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप सुरू केला आणि सुमारे सहा वर्षे खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन जमीन पडीक ठेवणाऱ्या या माणसांच्या धैर्याची नोंद आपल्या शालेय इतिहासात फारशी नाही, हे जाता जाता म्हणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती निर्मूलनाचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले, १९३९ मध्ये संरक्षित कुळांना मान्यता देणारा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला : त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे खरेदीदार मानले जाईल, शेतजमीन न्यायाधिकरण कलम ३२-ग खाली किंमत ठरवील आणि ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळेल. मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबादचा आणि विदर्भासाठी १९५८ चा असे स्वतंत्र कूळ कायदे लागू झाले.

या कायद्यांनी असंख्य कुटुंबांना पहिल्यांदा स्वतःची जमीन दिली. त्यांच्याविषयी मला कृतज्ञतेखेरीज दुसरे काही म्हणायचे नाही. परंतु १९४८ ते १९५७ या काळात काय घडले तेही झाकू नये. स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची सोय मालकांना होती आणि कुळाने आपणहून जमीन सोडल्याचे राजीनामे घेण्याची वाटही मोकळी होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने वि. म. दांडेकर यांनी त्याच दशकात केलेल्या पाहणीत या तथाकथित स्वखुशीच्या राजीनाम्यांचे खरे स्वरूप नोंदले गेले. ज्यांची नावे कागदावर टिकली ते मालक झाले आणि ज्यांची टिकली नाहीत त्यांना काहीच मिळाले नाही. दुसऱ्याचे नाव कागदावर येऊ द्यायचे नाही, हा धडा जमीनमालकांनी यातून घेतला आणि तो आजतागायत विसरलेले नाहीत.

मालकांची ही भीती निराधार नाही, हे आपणही मान्य करावे. १९४८ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस, तो मालकाच्या कुटुंबातील, मजुरीवरचा नोकर किंवा ताबेगहाणदार (गहाण जमिनीचा ताबा असलेला) नसेल तर, कूळ मानला जातो. कलम ३२-ओ प्रमाणे कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कूळवहिवाटीतही कुळाला एका वर्षाच्या आत जमीन खरेदी करण्याचा हक्क दिलेला आहे. असा कायदा पुस्तकात असताना दोन एकरांचा मालक मुद्रांकावर बटईचा करार कशाला करून देईल? म्हणून करार होतो तो पाडव्याच्या सुमारास, तोंडी, पारावर किंवा घराच्या ओसरीवर, आणि वर्षभरापुरता. मालकाला वाटलेच तर पुढच्या पाडव्याला तीच जमीन दुसऱ्याला देतो, म्हणजे कोणा एकाची वहिवाट जुनी होत नाही.

याचा परिणाम मातीवर होतो, आणि त्याची चर्चा कोणी करत नाही. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे टिकतो. ज्याला पुढच्या वर्षी हे शेत आपल्याकडे असेल की नाही याची खात्री नाही तो गाडीमागे पैसे मोजून शेणखत कशाला आणील? तो युरियाची गोणी आणतो, कारण तिचा परिणाम याच हंगामात हाती येतो. फुटलेला बांध तो घालत नाही, चर काढत नाही, शेताच्या कडेला झाड लावत नाही. जमीन सुपीक ठेवण्याच्या योजनांवर शासन जे पैसे खर्च करते त्यांतला मोठा भाग अशा तोंडी कराराच्या शेतात पोहोचतच नाही.

आता गटसचिवाच्या टेबलावरून हे कसे दिसते ते सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस पीककर्जाची प्रकरणे चालू असतात. आठ एकर कापूस-तूर ठोक्याने करणारा माणूस येतो. ठोक्याची रक्कम त्याने आगाऊ भरलेली असते, बियाण्याला पैसे हवे असतात. आम्ही त्याला सातबारा आणि आठ-अ मागतो. त्याच्याकडे स्वतःच्या नावाचा दीड एकर असेल तर तेवढ्याचे कर्ज मिळते, नसेल तर तो हात हलवीत परत जातो आणि कृषी सेवा केंद्रातून उधारीवर, चढ्या हिशेबाने, बियाणे-खत उचलतो. माल निघाल्यावर तो त्याच दुकानदाराकडे किंवा त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे घालावा लागतो. इकडे त्याच आठ एकरांवर मालकाच्या नावाने पीककर्ज आधीच उचललेले असते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडले तर ते बिनव्याजी पडते. सवलत कापसाला मिळाली असे कागद सांगतो. कापूस लावणाऱ्याने मात्र दुकानदाराला व्याज भरलेले असते. यात मालक लबाड आहे असे मी म्हणत नाही. नियमाने त्याला जे मिळते ते तो घेतो.

हीच गत मदतीची. गारपीट झाली, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले, नुकसान दाखवायला बांधावर उभा राहिला तो कसणारा, आणि रक्कम जमा झाली ती खातेदाराच्या खात्यात. काही मालक ती प्रामाणिकपणे वाटून देतात, काही देत नाहीत. दोन्ही बाबतीत कसणाऱ्याने ती उपकार म्हणून घ्यायची असते. पीकविम्यात भाडेकरारावर शेती करणाऱ्याला जागा आहे, पण नोंदणीकृत करार जोडण्याच्या अटीवर. जो करार कोणी कागदावर करायलाच तयार नाही तो नोंदणीकृत करून आणा, असे सांगणे म्हणजे नकारच. आणि सर्वांत वाईट गोष्ट शेवटी येते. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाख रुपयांच्या साहाय्याचे प्रकरण मृताच्या कुटुंबाच्या नावावर जमीन नाही म्हणून अपात्र ठरते, तेव्हा तो माणूस शेतकरी नव्हता असे शासन त्याच्या विधवेला लेखी कळवत असते.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी आणि राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी यांबद्दल मी मुद्दाम काही मागत नाही. ते वर्षाला प्रत्येकी ६ हजार रुपयांचे अनुदान जमीनधारक कुटुंबासाठी आहे, असे त्या योजनाच सांगतात. पण नैसर्गिक आपत्तीची मदत ही पिकाच्या नुकसानीची भरपाई आहे. ती पीक ज्याचे त्याला मिळाली पाहिजे, आणि यात तडजोडीला जागा नाही.

आपल्या जुन्या अभिलेखात कसणाऱ्याला जागा होती. सातबारा हा गाव नमुना सात आणि बारा यांचा मिळून उतारा. गाव नमुना सातमध्ये कुळाचे नाव आणि खंड यांसाठी रकाना आहे. बाराच्या जुन्या नमुन्यात जमीन करणाऱ्याचे नाव आणि रीत असे दोन रकाने असत. तेथे बहुधा ‘खुद्द’ (म्हणजे मालक स्वतः) असे लिहून तलाठी पुढच्या ओळीवर जात. पीक पाहणीत अभिलेखात नाव नसलेला इसम वहिवाट करताना आढळला तर तसे तहसीलदारांना कळवण्याची तरतूद १९७१ च्या नियमांत आहे. कागदोपत्री व्यवस्था होती; कायद्याच्या धाकाने ती निरुपयोगी झाली. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, खातेदाराने मोबाइलवरून पिकाचा फोटो काढायचा. प्रत्यक्षात शहरात राहणाऱ्या मालकाचे नाव यादीतून निवडून बटईदारच पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, फोटो काढतो. अक्षांश-रेखांशासह शेताची जागा नोंदवली जाते, तारीख नोंदवली जाते, पीक नोंदवले जाते. मोबाइल हातात धरून शेतात उभा असलेला माणूस तेवढा नोंदवला जात नाही.

पुढच्या काळात हा प्रश्न लहान होणार नाही. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले आणि खातेदारांची संख्या सुमारे ५० लाखांवरून दीड कोटीच्या पुढे गेली. जिवंत सातबारा मोहिमेने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावली, हे उत्तम काम झाले. पण त्यामुळे जमिनीच्या एकेका गटावर आठ-दहा नावे आली, आणि त्यांतील किती वारस गावात राहतात हे कोणत्याही गावात विचारून पाहावे. मालकी विखुरत जाईल, शहरात जाईल, काही वेळा परदेशात जाईल. कसणारा मात्र गावातच राहील आणि चार जणांची पाच-पाच एकर एकत्र करून वीस एकर करील, कारण ट्रॅक्टरचा हप्ता त्याशिवाय निघत नाही. लहान तुकड्यांवर मोठी वहिती हेच उद्याच्या शेतीचे स्वरूप आहे आणि ते कायद्याने नव्हे, गरजेने आकाराला येत आहे. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा वाटण्या थांबवू शकला नाही. २०२३ मध्ये त्याचे प्रमाणभूत क्षेत्र (तुकड्याचे किमान क्षेत्र) जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठ्यांवर आणावे लागले, यातच त्याची कबुली आहे.

शासनाला भाडेपट्टा करता येत नाही असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतजमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली जाते, हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ, अशा लेखी अटींवर. तेथे मालकाला कुळाची भीती वाटत नाही, कारण करार स्पष्ट आहे. शेतात सौरपट्ट्या लावणाऱ्याला जो कागद मिळतो तो शेतात ज्वारी लावणाऱ्याला का मिळू नये? जानेवारी २०२३ च्या सलोखा योजनेचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. एकमेकांच्या जमिनी किमान १२ वर्षे परस्पर वहिवाटणाऱ्या शेतकऱ्यांना नाममात्र १ हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि १ हजार रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदल करू देऊन, जमिनीवरचे वास्तव आणि कागद यांतील अंतर मिटवण्याचे शहाणपण आपल्याच विभागाने दाखवले आहे.

इतर राज्यांच्या अनुभवातूनही शिकता येते. पश्चिम बंगालने १९७८ पासून ऑपरेशन बर्गाखाली बटईदारांची गावोगाव नोंद केली आणि त्यांना काढून टाकण्यापासून संरक्षण दिले. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये परवानाधारक कसणाऱ्यांसाठी कर्जपात्रता कार्डाचा कायदा केला, तेव्हा मालकाने आधीच कर्ज घेतलेल्या जमिनीवर दुसरे कर्ज देण्यास बँका कचरल्या. २०१९ च्या त्यांच्या नव्या कायद्यात मालकाची सही आवश्यक ठरली आणि मालक सही देईनात. नीती आयोगासाठी टी. हक समितीने २०१६ मध्ये नमुना भाडेपट्टा कायदा तयार केला. त्यात मालकाची मालकी अबाधित ठेवून करार करण्याचा मार्ग आहे, पण तोंडी व्यवहार करणाऱ्या मोठ्या वर्गाला करारापर्यंत आणायचे कसे, याचे उत्तर त्यात पुरेसे नाही.

म्हणून माझ्या मते आपल्या कायद्यात मालकाला नकाराधिकार नसावा, पण त्याला पूर्ण अभय असावे. ई-पीक पाहणीतच प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव लिहिण्याची सोय करावी. नोंद झाल्यावर मालकाला सूचना जावी आणि ठरावीक दिवसांत त्याला हरकत घेता यावी, मात्र हा माणूस प्रत्यक्षात कसत नाही एवढ्याच मुद्द्यावर. तलाठ्याने स्थळपाहणी करून निकाल द्यावा. ही नोंद त्या हंगामाबरोबर संपेल, ती कूळवहिवाटीचा किंवा विरोधी ताब्याचा (दीर्घ ताब्यावरून मालकी सांगण्याचा) पुरावा म्हणून कोणत्याही न्यायालयात ग्राह्य धरली जाणार नाही, आणि ठरावीक दिनांकानंतरच्या अशा वहिवाटीला कलम ४ व कलम ३२-ओ लागू होणार नाहीत, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. तिन्ही विभागांच्या कूळ कायद्यांत अशीच दुरुस्ती लागेल. एका कायद्यात करून भागणार नाही.

त्याच वेळी जुन्या कुळांना हात लावू नये. ३२-ग ची जी प्रकरणे प्रलंबित आहेत ती जुन्या कायद्यानेच चालावीत, नाहीतर या दुरुस्तीचा आधार घेऊन कोणीतरी खऱ्या कुळाला बटईदार ठरवील. आदिवासी खातेदारांच्या जमिनी या व्यवस्थेच्या बाहेर ठेवाव्यात. आणि एकाच व्यक्तीने किंवा कंपनीने गावच्या गाव भाड्याने घेऊ नये म्हणून, कमाल जमीनधारणा कायद्यात मालकीला जी मर्यादा आहे तशी मर्यादा भाड्याने घेतलेल्या क्षेत्रालाही असावी. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाचा हा पराभव आहे असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्याला जमीन देणे आज कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमात उरलेले नाही, त्याला निदान त्याच्या पिकाचा मालक म्हणून ओळखा, एवढेच यात मागितले आहे.

कर्जाच्या बाबतीत दुहेरी बोज्याचा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय असा, की जमिनीच्या एका गटातील एका हंगामाचे पीककर्ज एकदाच मिळावे आणि ज्याच्या नावाने त्या हंगामाची पीक नोंद आहे त्यालाच मिळावे. मालकाला जमिनीच्या तारणावर मध्यम मुदतीचे कर्ज घ्यायला कोणी अडवलेले नाही. संयुक्त दायित्व गटांची (सदस्यांनी मिळून कर्जाची जबाबदारी घेण्याची) पद्धत नाबार्डने याच वर्गासाठी आणली आणि केरळमध्ये कुटुंबश्री या सरकारी योजनेतील महिला गट भाड्याच्या जमिनीवर अशाच पद्धतीने शेती करतात. आपल्याकडे बचत गटांचे जाळे आहे, कर्ज फेडण्याची त्यांची शिस्त आम्ही सोसायटीवाल्यांनी हेव्याने पाहिलेली आहे. त्यांच्या हातात हंगामी नोंदीचा उतारा असेल तर बँकेला कारण उरणार नाही.

हे सर्व राज्यभर एकदम करू नये. पश्चिम महाराष्ट्र-कोकण, मराठवाडा आणि विदर्भ या तीन कूळ कायद्यांच्या क्षेत्रांतून प्रत्येकी एक तालुका निवडून येत्या खरिपात नोंदी घ्याव्यात आणि त्या हंगामातील आपत्तीची मदत त्याच नोंदींवरून द्यावी. मसुद्यावर हरकती मागवताना मात्र केवळ राजपत्रात आणि खातेदारांना नोटिसा पाठवून थांबू नये. मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि ठोक्याने, मक्त्याने, बटईने करणाऱ्यांची म्हणणी तेथेच लिहून घ्यावीत, कारण त्यांच्यापर्यंत नोटीस पोहोचवायला आपल्या कोणत्याही यादीत आज त्यांचे नाव नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गटसचिव